हरणाऱ्याचा धर्म

निवडणूक कशी जिंकावी हे सांगणारे आजकाल गावोगावी भेटतात. ती कशी हरावी हे सांगणारा क्वचितच आढळतो. वस्तुतः बहुतेक निवडणुकांत जिंकणारा एक असतो आणि हरणारे अनेक. तेव्हा लोकशाहीत राहणाऱ्या माणसाला जिंकण्याच्या कौशल्यापेक्षा हरण्याच्या शिक्षणाची गरज अधिक वेळा पडते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. विधानसभा असो, ग्रामपंचायत असो वा आपल्या देवस्थानाची समिती असो, मोजणी संपल्यावर जो अल्पसंख्य ठरला त्याने कसे वागावे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात पुरता सुटलेला नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि म्हणून या पानांवर त्याचा विचार करणे आम्हांस उचित वाटते.

प्रश्न प्रथम नीट मांडला पाहिजे. शंभरांपैकी एक्कावन्न जणांनी एक म्हटले आणि एकोणपन्नास जणांनी दुसरे म्हटले, तर एक्कावन्नांचे म्हणणे अमलात येते. पण तेवढ्याने ते खरे ठरते काय? सत्य हे डोकी मोजून ठरत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मग जो निर्णय मला मनापासून चुकीचा वाटतो, तो केवळ दोन माणसे पलीकडे अधिक बसली म्हणून मी का पाळावा?

याचे पहिले उत्तर भयाचे आहे: न पाळल्यास दंड होईल. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दंडाचे भय एकट्यादुकट्याला आवरते. अर्धा गाव एका बाजूस गेला तर त्याच्यापुढे किती शिपाई उभे करणार? दुसरे उत्तर आशेचे आहे: आज तुमचा डाव गेला, पाच वर्षांनी पुन्हा येईल. हे उत्तर पहिल्याहून चांगले. बहुतेक निवडणुकांत माणसे याच आशेवर पराभव गिळतात. परंतु जेथे डाव एकदाच मांडला जातो, जेथे पुढची खेप नाही, तेथे ही आशा उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी हरलेला माणूस निर्णय पाळतो तो कशाच्या बळावर, हे शोधले तर लोकशाहीचे मूळ हाती लागण्याचा संभव आहे. सुदैवाने हे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ते आपल्या गोमंतकात, आपल्या पेडणे-डिचोलीत घडलेले आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके नव्या काबिजादीचे. तिसवाडी, बारदेश व साष्टी हे प्रदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले. उत्तरेचा हा पट्टा त्यांच्या अमलाखाली कायमचा गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर धर्मांतराचा जोर ओसरलेला होता आणि येथील प्रजेच्या धर्माला व चालीरीतींना धक्का लावणार नाही, असे नव्या राज्यकर्त्यांना मान्य करावे लागले होते. म्हणून येथील देवळे बव्हंशी जागच्या जागी राहिली. पुराण, कीर्तन, भजन मराठीत चालू राहिले. डिचोली तालुक्यात नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ १६६८ साली शिवछत्रपतींनी पुन्हा उभारविले, ही गोष्ट या प्रदेशाला केवळ इतिहास म्हणून ठाऊक नव्हती. ती घरातल्या आठवणीसारखी होती. तेरेखोल नदीच्या पलीकडचा मुलूख परका आहे, असे पेडणेकराला कधी वाटले नाही. सोयरिकी तिकडे होत्या, कुलदेवता तिकडे होत्या, शिक्षक तिकडून येत होते.

या पार्श्वभूमीवर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल पाहिला पाहिजे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, हा प्रश्न मतदारांपुढे होता. फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे संघप्रदेश, अशी चिन्हे होती. पेडणे, डिचोली व सत्तरी यांचा कल बव्हंशी फुलाकडे होता. समग्र गोव्याची मोजणी झाली तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. शंभरांत सुमारे पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस, असा हा निकाल होता.

हा निकाल योग्य की अयोग्य, याची चर्चा येथे करावयाची नाही. या मासिकाच्या पानांवर मराठी आणि कोंकणी शेजारी शेजारी नांदतात, आणि वाचकांतही दोन्ही पक्षांच्या घरची माणसे आहेत. आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे आहे. पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या ज्या मतदाराने फुलावर शिक्का मारला, त्याच्या दृष्टीने ही साधी निवडणूक नव्हती. आपण कोणाचे, आपली भाषा कोणती, आपली मुले कोणत्या राज्याची प्रजा होणार, हा प्रश्न होता. त्यातून पुढच्या खेपेची आशाही नव्हती, कारण असा कौल पाच-पाच वर्षांनी घ्यावयाचा नव्हता. शिवाय आपल्या तालुक्यात आपला पक्ष वरचढ असताना दूरच्या साष्टीच्या मतांनी आपला पराभव व्हावा, हे दुःख आणखी होते. इतके असूनही या तालुक्यांनी निकाल धुडकावला नाही. आमच्यापुरते आम्ही वेगळे होतो, असे कोणी म्हटले नाही. शेतसारा भरला गेला, कचेऱ्या चालल्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन्ही पक्षांची माणसे पूर्वीप्रमाणेच घासाघीस करीत उभी राहिली.

असे का घडले? आम्हांला याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, प्रश्न विचारण्याची रीत सर्वांनी आधी मान्य केली होती. विधानसभेतील बहुमताच्या बळावर विलीनीकरण उरकून घ्यावे, अशीही एक वाट होती. एवढा मोठा निर्णय आमदारांच्या हातांनी न होता प्रत्यक्ष लोकांच्या मतांनी व्हावा, हा डॉ. जॅक द सिकेरा यांच्या पक्षाचा आग्रह अखेर दिल्लीने मानला. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये अधिकारपद सोडले व राष्ट्रपती राजवट आली. जो पक्ष कौल जिंकू पाहत होता, त्यानेच सत्ता खाली ठेवून कौल घेऊ दिला. या एका कृतीने निकालाला जे वजन आले, ते कोणत्याही अधिनियमाने आले नसते. निकालाआधी रीत मान्य करणे आणि निकालानंतर ती पाळणे, हे एकाच वचनाचे दोन भाग आहेत. पहिला भाग मनापासून झाला असेल, तरच दुसरा पार पडतो.

दुसरे कारण अनुभवाचे. ज्या पिढीने १९६७ साली मत दिले, तिने मत नसलेले दिवस पाहिले होते. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले तेव्हा गोमंतकातील हिंदूंना नागरी समतेचा वारा लागला. सालाझारशाहीत १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने तो पुन्हा कोंडला. सभा भरविण्यास परवानगी, छापण्यास परवानगी. लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील सरकारी तपासणीतून जात असे. १९ डिसेंबर १९६१ नंतर पाच-सहा वर्षांतच हाती आलेल्या मतपत्रिकेचे मोल या माणसांना ठाऊक होते. मत हरले तरी मत देण्याचा अधिकार हरला नव्हता. आपला पक्ष पडला म्हणून मतपेटीवरच रुसणे, हे त्यांना आपल्याच हाताने आपली जीभ कापून टाकण्यासारखे वाटले असेल.

तिसरे कारण शेजाराचे. निकाल एका दिवसाचा, शेजार आयुष्याचा. ज्याने पानांवर शिक्का मारला तोच आपल्या मुलीच्या लग्नात पंगतीला असणार, त्याच्याच विहिरीचे पाणी वैशाखात लागणार, हे खेड्यातला माणूस जाणतो. ही जाण पुस्तकी नाही आणि म्हणूनच ती पक्की असते.

तथापि हरणाऱ्याच्या धर्माबरोबर जिंकणाऱ्याचाही धर्म येतो, आणि तो बहुधा अधिक अवघड असतो. महाभारतातील द्यूतप्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पांडव हरले, डाव कपटाचा होता तरी त्यांनी बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पुरा केला. हरणाऱ्याने आपला भाग पाळला. दुर्योधनाने मात्र मुदत संपल्यावर सुईच्या अग्रावर मावेल एवढी भूमीही देण्याचे नाकारले. कुरुक्षेत्र घडले ते या नकारामुळे. द्यूतातला जय त्याला कायमचा वाटला; जिंकलेला डाव म्हणजे जिंकलेली माणसे, अशी त्याची समजूत झाली. लोकशाहीत ज्याला बहुमत मिळते त्याला ही भूल फार लवकर पडते.

१९६७ साली ती पडली नाही, हे गोव्याचे भाग्य. कौल हरलेल्या पक्षाला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करावे, असे कोणाच्या मनात आले असते तरी तसे घडले नाही. उलट त्याच वर्षी मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि जनमत कौल हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला, श्री. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या मतदारांनी राज्यकारभारासाठी मात्र त्यांनाच योग्य मानले, असा याचा अर्थ होतो. एका प्रश्नावर माणूस चुकला असे वाटले म्हणून तो सर्व प्रश्नांवर त्याज्य ठरत नाही, एवढा विवेक सामान्य मतदाराने दाखविला.

हा विवेक पुढे सदासर्वकाळ टिकला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. भाषेच्या प्रश्नावर १९८६ सालच्या डिसेंबरात गोव्यात रक्त सांडले. तोच समाज, तीच माणसे. अंतर एवढेच की या वेळी प्रश्न मतपेटीत न पडता रस्त्यावर आला. पुढे फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. त्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीचा शासकीय वापरही मोकळा ठेवला. कोणालाच पूर्ण समाधान न देणारी ही तडजोड आहे, आणि तिच्यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलले जाते. परंतु सहजीवनाच्या तडजोडी बहुधा अशाच असतात. दोघांपैकी एकाला पूर्ण समाधान मिळते तेव्हा दुसऱ्याच्या मनात बहुधा सूड मूळ धरतो.

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. हरणाऱ्याने निर्णय पाळावा म्हणजे गप्प बसावे काय? द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला तो नियमाचाच प्रश्न होता: जो स्वतःला आधी हरला, त्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? सभेत भीष्म होते, द्रोण होते. उत्तर मात्र मिळाले नाही. सभेचे पाप खरे तर त्या मौनात आहे. यावरून एवढे स्पष्ट होते की निर्णयाचे पालन वेगळे आणि निर्णयाविषयीचे मौन वेगळे. अथेन्सच्या न्यायसभेने इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला देहदंड सांगितला, तेव्हा त्याने आपली बाजू अखेरपर्यंत मांडली. पण मित्रांनी तुरुंगातून पळून जाण्याची सोय केली असता ती नाकारली. बोलणे त्याने सोडले नाही आणि कायदाही मोडला नाही. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत जो इशारा दिला त्याचे मर्म हेच होते: घटनेने दिलेले मार्ग खुले असताना इतर मार्गांना समर्थन उरत नाही, आणि घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारी माणसे जशी, तशीच तिची फळे.

म्हणून अल्पसंख्य ठरलेल्या माणसाने न्यायालयात जाणे हा काही पराभव न पचल्याचा पुरावा नव्हे. डिचोली तालुक्याला हे वेगळे सांगावयास नको. खनिजाच्या भरभराटीच्या काळात खाणीविरुद्ध बोलणारे गावात थोडे होते, आणि त्यांच्याकडे गावाच्या पोटावर पाय आणणारे म्हणून पाहिले जाई. शेते गाळाने भरतात, शिरगावसारख्या गावच्या विहिरी आटतात, हे त्यांचे म्हणणे गावच्या बहुमतापुढे टिकत नव्हते. ते अखेर न्यायालयात टिकले. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी असा निर्णय दिला की खाणींच्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरणही रद्द झाले. बहुमतालाही कायद्याची मर्यादा असते, ती ही. मात्र ट्रकांची चाके थांबली तेव्हा ज्या घरांच्या चुली थंडावल्या, तीही माणसे आपलीच होती. न्यायालयात जिंकलेल्यांनी त्यांच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहिले, तर जिंकणाऱ्याचा धर्म तेथेही बुडाला असे आम्ही म्हणू.

पेडण्यातील मोपा विमानतळाची कथा उलट बाजूने तोच धडा देते. अर्जात जंगल व झाडे यांविषयीची आवश्यक माहिती नीट दिली गेली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरण परवाना स्थगित केला. जानेवारी २०२० मध्ये अधिक कडक अटी घालून ती स्थगिती उठविली गेली, आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विरोधक हरले असे म्हणता येईल. पण त्यांच्या हरण्यातून अटी निर्माण झाल्या, आणि सरकारी अर्जात खरे लिहावे लागते हा धडा नोंदला गेला. रीतीने हरलेला माणूस काहीतरी मागे ठेवून जातो.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. वर्तमानपत्रातील राजकारणावर मत देणे सोपे असते. आपल्या देवळाच्या प्राकारात काय चालते ते पाहणे कठीण. गोव्यातील बऱ्याच देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या देवस्थान नियमावलीप्रमाणे चालतो. महाजनांची नोंदवही असते, दर तीन वर्षांनी निवडणूक होते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार निवडले जातात, आणि वर देखरेखीस मामलेदार असतो. म्हणजे गोव्यात प्रौढ मतदानाची लोकशाही येण्याच्या कितीतरी आधी देवळाच्या चौकात मतमोजणी आली होती. महाजनकीच्या बाहेर राहिलेल्यांना तेथे आवाज नव्हता, हे विसरता येत नाही. तरीही मोजणीची सवय आम्हांला जुनी आहे. एवढ्या सवयीनंतर आपण हरण्यात निष्णात व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात काय दिसते? निवडणूक हरलेला गट वर्गणी बंद करतो. जिंकलेला गट मागच्या समितीचे हिशेब काढतो, ते देवासाठी थोडे आणि उणे काढण्यासाठी अधिक. मानाच्या नारळावरून वाद होतो, पालखीच्या वाटेवरून होतो, आणि जत्रेच्या दिवशी देवाच्या दारी पोलीस बंदोबस्त ठेवण्याची पाळी येते.

जो समाज आपल्या राज्याच्या भवितव्याविषयीचा पराभव शांतपणे सोसू शकला, त्याला समितीतला पराभव का सोसवत नाही? आम्हांस वाटते, याचे कारण 'मान' या शब्दात आहे. राज्याच्या निवडणुकीत माणूस आपले मत हरतो. देवळाच्या निवडणुकीत त्याला आपला मान हरल्यासारखे वाटते. मत ही मोजण्याची गोष्ट आहे. मान मोजता येत नाही. तो पूर्वजांकडून आलेला असतो आणि चारचौघांच्या डोळ्यांत असतो. मोजणीची रीत आणि मानाची रीत या दोन निराळ्या रीती आपण एका मंडपात आणल्या, आणि एकीचा निकाल दुसरीवर लादू लागलो. निवडून आलेल्या समितीला हिशेबाचा, दुरुस्तीचा, व्यवस्थेचा अधिकार मिळतो. कोणाच्या घराण्याची सेवा लहान करण्याचा अधिकार तिला मतपेटीतून मिळत नाही. तसेच परंपरेने मान असलेल्याला हिशेब न देण्याची सूट त्या मानातून मिळत नाही. ही सीमारेषा दोघांनी पाळली तर निम्मे दावे आपोआप संपतील. उरलेले दावे न्यायालय निकालात काढू शकेल. पण तेथेही त्याची शक्ती मर्यादितच आहे. अध्यक्ष कोण हे न्यायालय सांगू शकते. पालखीला खांदा द्यावयास माणसे ते कोठून आणणार?

पेडण्याची पुनव ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येईल. कोजागिरीच्या रात्री रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथाला आपले स्वतंत्र देऊळ हवे आहे. ते मिळत नाही म्हणून तो रुसून रानाकडे धाव घेतो आणि भाविक त्याची समजूत घालून त्याला परत आणतात, अशी श्रद्धा आहे. वर्षानुवर्षे हे असेच चालत आले आहे. त्याचे मागणे पुरे होत नाही, पण ते नाकारलेही जात नाही. सगळ्या गावासमोर दरवर्षी ते ऐकले जाते. त्याचा राग हा गावाच्या विधीचाच भाग आहे. आणि तो परत येतो, हे सर्वांत महत्त्वाचे. आमच्या पूर्वजांनी राज्यशास्त्र वाचलेले नसेल. परंतु ज्याचे म्हणणे मान्य करता येत नाही त्याला बोलण्यास जागा, रुसण्यास वाव आणि परतण्यास वाट ठेवली पाहिजे, हे त्यांनी देवाच्या बाबतीतही ओळखले होते.

कायदा हे सारे निर्माण करू शकत नाही. तो मतदारयादी करील, तारीख लावील, मोजणी करील, तंटा झाला तर निवाडा देईल. मोजणी संपल्यावर हरलेल्याने निर्णय मानणे आणि जिंकलेल्याने हात आखडता घेणे, या दोन गोष्टी कायद्याला बाहेरून घ्याव्या लागतात. त्या घरातून येतात, शेजारातून येतात, देवळातून येतात. देवळातूनच त्या येईनाशा झाल्या, तर विधानसभेत त्या कोठून येणार?

पुढील काळात पुष्कळ देवस्थानांच्या निवडणुका होतील, पंचायतींच्याही होतील. प्रत्येक गावात कोणी जिंकेल आणि कोणी हरेल. जिंकलेल्या समितीने आपल्या पहिल्या बैठकीस हरलेल्या गटातील जाणत्यांना सन्मानाने बोलवावे आणि त्यांचे आक्षेप इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवावेत. हरलेल्यांनी हिशेब जरूर मागावा, गरज पडल्यास मामलेदाराकडे वा न्यायालयात जावे. पण वर्गणी थांबवू नये आणि जत्रेच्या दिवशी घरी बसू नये. पालखी देवळाबाहेर निघते तेव्हा तिला दोन्ही बाजूंचे खांदे लागतात. एका बाजूच्या खांद्यांवर ती चालत नाही.